वजन जातं कुठे?

आसगावला पहाड नाही. पवनी तालुक्यातला आमचा हा चौरास पट्टा इतका सपाट, की रोवण्याच्या दिवसांत बांधीतलं पाणी कोणत्या बाजूनं वाहावं याचा विचार करत उभं राहतं. पहाड म्हणावा असा पहाड पाहायचा तर तुमसरच्या पुढे आंबागडाकडे जावं, सातपुड्याची कड तिथं दिसते. आमच्याकडे चढ म्हणजे शेताचा धुरा. धुऱ्यावर चढायला दम लागत नाही, आणि लागलाच तर तो बिडीचा दोष.

असं असूनही पहाडी शिकारीच्या हलक्या रायफलींवर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी स्वित्झर्लंडातल्या एखाद्या घरातही झाली नसेल. याचं श्रेय माझ्या पुतण्याला. धान निसवला की रानडुकरांना कोण निरोप देतं कोण जाणे, पण लोंबीत दूध भरायच्या आत ती हजर होतात. मग जागल सुरू होते. मचाणावर रात्र काढायची, प्रहराप्रहराला उठून डबा वाजवायचा, टॉर्चचा झोत फिरवायचा, घसा खरवडून हाकारा करायचा. पुतण्या जागलीला जातो तो मोबाइल घेऊन. त्या पडद्याच्या उजेडामुळे डुकरांना आमच्या मचाणावर रोज पौर्णिमा आहे असं वाटत असावं. दोन हाकाऱ्यांच्या मधल्या वेळात तो परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहतो. बर्फाच्या उतारावर दाढीवाले गडी पालथे पडलेले असतात, पलीकडच्या कड्यावर शिंगाचं मेंढरू उभं असतं, आणि मध्ये आख्खी दरी असते.

एका सकाळी चहा घेता घेता त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

“काकाजी, हे पाहा जी. फकत अडीच किलो.”

“काय, तांदूळ?”

“बंदूक जी!”

“अडीच किलोत काय मारते, उंदीर?” चुलीपाशी बसलेल्या त्याच्या काकूनं विचारलं.

तेव्हापासून आमच्या घरात हा विषय शिरला तो निघायचं नाव घेईना. मीही त्यात गुंतत गेलो. बंदुकीची हौस म्हणून नव्हे. मला त्यातल्या वजनाच्या हिशेबाची गंमत वाटू लागली. आयुष्यभर धानाच्या पोत्यांशी संबंध आलेल्या माणसाला वजन कमी केल्याचा कोणी दावा केला की पहिला प्रश्न पडतो, तो असा, की काढलेलं वजन ठेवलं कुठे?

आधी ही वस्तू काय ते सांगतो. बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणजे जिच्या मागच्या बाजूला दाराच्या कडीसारखा एक दांडा असतो ती. कडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची, खाली पाडायची. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे सारताना नवं आत बसतं, खाली पाडली की दार बंद. एवढ्या चार हालचाली. जर्मनीच्या पॉल माउझरनं 1898 साली या कडीला जो आकार दिला, त्यात नंतरच्या सव्वाशे वर्षांत लोकांनी पुष्कळ फेरफार केले, पण मूळ विचार मोडता आला नाही. आत स्फोट होतो तेव्हा त्याचा सगळा जोर कडीच्या तोंडाशी असलेल्या दोन पोलादी कानांवर येतो. ते कान नळीमागच्या खाचांत अडकलेले असतात, म्हणून शिकाऱ्याचा डोळा शाबूत राहतो. आपोआप काडतूस बदलणाऱ्या बंदुकीपेक्षा हिच्यात हलते भाग कमी. म्हणून ती थंडीत, चिखलात, बर्फात फारशी रुसत नाही, आणि अचूकही असते. एक गोळी झाली की दुसरीसाठी हात हलवावा लागतो. तेवढ्या वेळात माणसाला विचार करता येतो, हा तिचा फायदा मात्र कोणत्याही व्हिडिओत सांगत नाहीत.

साधी रायफल दुर्बिणीसकट चार-साडेचार किलोची. सपाटीवर एवढं वजन चालतं. पण उंच पहाडात, जिथं श्वासच निम्मा भरतो, तिथं दिवसभर चढल्यावर दुपारनंतर तिचं प्रत्येक छटाक वेगळं जाणवतं म्हणे. म्हणून या मंडळींनी तिला उपासाला बसवलं. लाकडी दस्ता काढून कार्बन तंतूंचा बसवला. नळी बारीक केली, तिच्या अंगावर उभ्या खाचा पाडल्या. काहींनी पोलादाची नळी पेन्सिलीएवढी करून वरून कार्बन गुंडाळला. कडीलाही खाचा पाडल्या, तिची मूठ पोकळ केली. जिथं पोलाद होतं तिथं टायटॅनियम घातलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्स नावाच्या गृहस्थांनी 1980च्या दशकात केव्हलार आणि ग्रॅफाइटचा दस्ता करून सव्वादोन किलोंच्या आसपासची रायफल बनवली, तेव्हापासून या शर्यतीला जोर आला. आता शर्यत ग्रॅमवर आली आहे. पाठीवरचं ओझं कमी व्हावं म्हणून हे लोक दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापतात.

“दात तरी पुरे ठेवते का?” त्याची काकू म्हणाली.

मी मात्र हिशेबाकडे वळलो. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम पाठ केला होता, तो एवढ्या वर्षांनी कामी आला. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. गोळी तीच, दारू तीच, तर मागे येणारा रेटाही तेवढाच. पण जड बंदूक तो रेटा आळसानं घेते, हलकी बंदूक अंगावर धावून येते. बंदुकीचं वजन निम्मं केलं तर खांद्यावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणजे दिवसभर खांद्यावरून जे वजन उतरवून ठेवलं, ते संध्याकाळी एका क्षणात, व्याजासकट, त्याच खांद्यावर परत येतं. सावकारीचा असा स्वच्छ नमुना मी भंडारा जिल्ह्यातही पाहिला नाही.

पुतण्या हार मानणारा नव्हता. नळीच्या तोंडावर भोकं पाडलेली एक टोपी बसवतात, त्यातून वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का कमी होतो, असं त्यानं सांगितलं. त्याच व्हिडिओत पुढे त्या दाढीवाल्यानं कानात बोळे घातलेले होते, कारण त्या टोपीमुळे आवाज मागच्या माणसाच्या कानठळ्या बसवतो. म्हणजे वजन खांद्यावरून उठलं आणि कानात जाऊन बसलं. शिवाय बारीक नळी दोनचार गोळ्यांत तापते. तापली की नेम सरकतो. हलकी बंदूक हातात स्थिरही राहत नाही. जड बंदूक स्वतःच्या वजनानं गप्प बसते, हलकीला नेम धरणाऱ्याच्या छातीचा प्रत्येक ठोका ऐकू जातो आणि ती त्याला मान डोलावते. आणि किंमत? जेवढं पोलाद कमी, तेवढे पैसे जास्त. आमच्याकडे दुधातलं काही काढून घेतलं तर भाव उतरतो. तिकडे लोखंड काढून घेतलं की भाव चढतो.

हलक्या रायफलीचं नाव निघालं की आपल्या देशात एकच माणूस आठवतो. जिम कॉर्बेट. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला त्यानं 1907 साली मारलं. तिच्या नावावर चारशे छत्तीस बळी सांगतात. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .275 बोअरची बोल्ट-ॲक्शन रायफल भेट दिली. हे .275 म्हणजे माउझरच्याच सात मिलिमीटरच्या काडतुसाला इंग्रजांनी दिलेलं इंग्रजी नाव. वाघाच्या शिकारीला तेव्हाचे साहेब लोक तोफेच्या धाकट्या भावासारख्या दुनळ्या नेत. कॉर्बेटकडेही तशी होती. पण कुमाऊं-गढवालच्या पहाडांत दिवसेंदिवस पायी हिंडायचं तर खांद्याला परवडेल असंच हत्यार हवं. 1926 साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानं मारला तो याच रिग्बीनं. आज ती रायफल त्याच कंपनीच्या ताब्यात आहे.

पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. “म्हनजे पहाडी रायफल आपल्याच देशातली!” मग मी त्याला पुढचं सांगितलं. रुद्रप्रयागचा बिबट्या कॉर्बेटनं दरीपलीकडून मारला नाही. गुलाबराईच्या वाटेवर आंब्याच्या झाडात मचाण बांधून, रात्र रात्र जागून, खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातल्या घंटेवर कान ठेवून, हाकेच्या अंतरावरून मारला. म्हणजे पहाडातली सगळ्यात गाजलेली शिकारसुद्धा मुळात जागलच होती. पुतण्या थोडा हिरमुसला, पण त्या रात्री जागलीला निघताना त्याची चाल मला जरा रुबाबदार वाटली.

आता आमच्या भागातल्या बंदुकीविषयी. मालगुजारीच्या काळात मोठ्या घरांच्या भिंतीवर दोन गोष्टी हमखास असत, वाडवडिलांचा फोटो आणि ठासणीची बंदूक. आमच्याकडे तिला भरमार म्हणतात. तिच्यात दारू घालायची, चिंधी कोंबायची, छर्रे घालायचे, पुन्हा चिंधी, आणि गजानं ठासायचं. एवढं होईस्तोवर डुक्कर बांधी आटोपून पुढच्या शेतात गेलेलं असतं. पावसाळी हवेत दारू ओलसर झाली तर नुसती फुस्स होते, आणि तो आवाज ऐकून डुकरांनाही हसू येत असावं. तरी कायद्याला पिकाच्या राखणीसाठी हीच बंदूक पसंत आहे. 1959च्या शस्त्र कायद्यात तसं लिहूनच ठेवलं आहे, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर आत आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. रायफलीचं नाव त्या तरतुदीत नाही.

रायफल देशात बनत नाही असं नव्हे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात .315 बोअरची बोल्ट-ॲक्शन बनते, जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली. इंग्रजांच्या काळात लष्कराच्या .303 बोअरचं हत्यार रयतेच्या हाती जाऊ नये म्हणून नागरिकांसाठी वेगळं माप काढलं, त्यातून हे .315 आलं. इंग्रज गेले, माप राहिलं. वजन साडेतीन किलोंच्या आसपास. पुतण्याच्या हिशेबात ती लठ्ठ ठरते.

पण बंदुकीचं खरं वजन तिच्या परवान्यात असतं, हे अनुभवी माणसाला विचारा. अर्ज, पोलीस पडताळणी, सातबारा, जबाब, नूतनीकरण. या कागदांना कार्बन तंतूंचा पर्याय अजून निघालेला नाही. शिवाय निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त आमच्या विधानसभेचं मतदान पाहा. 2014 साली 15 ऑक्टोबर, 2019 साली 21 ऑक्टोबर, 2024 साली 20 नोव्हेंबर. म्हणजे धान निसवल्यापासून कापणीपर्यंतचा नेमका काळ. उमेदवार गावात येतात त्याच पंधरवड्यात डुकरंही येतात. बंदूक ठाण्यात असते. डुकरांना आचारसंहिता लागू नाही, आणि त्यांचा प्रचार रात्री दहानंतरच रंगात येतो.

बंदूक हातात असली तरी ती डुकरावर चालवता येते असं नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं युग या देशात संपवलं. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला किंवा रोह्याला मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. हे सगळं पुतण्याला ठाऊक आहे. त्याला बंदूक घ्यायचीही नाही. त्याला ती नुसती पाहायची असते, जसं आमच्या लहानपणी आम्ही जत्रेत पडद्यावरच्या ताजमहालापुढे उभे राहून फोटो काढत असू. आग्र्याला जायचं कोणाच्या मनात होतं?

तो सगळ्यात रंगतो ते लांब पल्ल्याच्या गोष्टीत. पाचशे मीटर, सातशे मीटर. मी त्याला त्यातलं गणित विचारलं आणि त्यानं ते खरोखर नीट समजावलं. गोळी सरळ जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडतच असते. शंभर मीटरवर नेम जुळवलेली रायफल पाचशे मीटरवरच्या जनावरावर धरली, तर गोळी दीड मीटरच्या आसपास खाली जाते. म्हणून दुर्बिणीच्या चकत्या फिरवून नळी तेवढी वर उचलायची. वाऱ्याचा हिशेब वेगळा, आणि दरीत वारा दोन ठिकाणी दोन दिशांचा. एवढं करून गोळीला तिथं पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो.

तो अर्धा सेकंद माझ्या डोक्यात राहिला. एवढ्या वेळात जनावर एक पाऊल टाकू शकतं. घोडा ओढणाऱ्यानं पाहिलेलं जनावर आणि गोळी ज्याच्याकडे जाते आहे ते जनावर, यांच्यात एका पावलाचा फरक पडतो. मग छातीवर धरलेली गोळी पोटात लागते, आणि जखमी जनावर जिथं जातं तिथं शिकाऱ्याला सांजेपर्यंत पोचता येत नाही. जुने शिकारी जनावराच्या जवळ जात, वारा तोंडावर घेऊन, पोटावर सरपटत. जवळ जाता जाता त्यांना ते जनावर कळायचं. किती वयाचं, सोबत पिल्लू आहे का, आज मारावं का. लांबच्या पल्ल्यानं पायांचे कष्ट वाचतात. पण ते कष्ट म्हणजेच तर शिकाऱ्याचा विचार करायचा वेळ होता. तिकडचे जाणते शिकारीही हेच सांगतात, की लांबून मारता येतं म्हणून लांबून मारू नये.

याउलट जागल. तिचा पल्ला वीस पावलं. तेवढ्या अंतरावरून डुकराची घुरघुर ऐकू येते, चिखलातली खुरांची चपचप कळते, वास येतो. आमच्या गावातला कोणताही जागल्या आवाजावरून सांगेल की एकटा दांडगा आहे की पिल्लांची माय आहे. तो तिला शिव्या घालतो, पण त्या घरच्या माणसाला घालाव्यात तशा, तपशीलवार.

आणि कधी कधी त्या वीस पावलांत डुकराऐवजी दुसराच कोणी असू शकतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आमच्या शेजारी, 2012 पासूनचं. 2013 साली नागझिऱ्याहून निघालेला जय नावाचा वाघ शेतं, रस्ते ओलांडून, बरंच अंतर चालून या जंगलात आला आणि राजासारखा राहिला. 2016 साली तो दिसेनासा झाला तो झालाच. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्याच्यावर माणसं नेमलेली होती, लांबून त्याचा ठावठिकाणा पाहायची सगळी सोय होती. एवढ्या लांबच्या पल्ल्याची नजरही चुकलीच. तेव्हापासून जागलीला जाणारा माणूस डबा जरा जोरात वाजवतो, आणि तो डुकरासाठीच वाजवतो असं ठासून सांगतो.

त्याच नागझिऱ्यात, तो आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता तेव्हा, व्यंकटेश माडगूळकर येऊन राहिले होते. शिकारीची चांगली ओळख असलेला हा लेखक जंगलात आला तो पाहायला आणि टिपायला. कॉर्बेटनंही उतारवयात रायफल बाजूला ठेवून चलच्चित्राचा कॅमेरा हाती घेतला होता. हलकेपणाची शर्यत खरी जिंकली ती या लोकांनी, असं मी पुतण्याला म्हणालो. त्यांनी दस्त्यातून छटाक-छटाक काढत बसण्याऐवजी आख्खी बंदूकच ओझ्यातून कमी केली.

पुतण्या म्हणाला, “मंग नेमबाजी वाईट का जी?”

अजिबात नाही. त्याला मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची आठवण करून दिली. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं, तेव्हा आमच्या पारावरही पेढे वाटले गेले होते, वाटणाऱ्यांना थ्री पोझिशन्स म्हणजे काय ते ठाऊक नसताना. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून, अशा त्या तीन. त्याच्या आधी 2010 साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही पन्नास मीटरवरच, पालथं पडून. ही रायफलही कडीचीच, .22 बोअरची. पण तिच्या वजनाची मर्यादा नियमात कशी आहे? जास्तीत जास्त आठ किलो. जास्तीत जास्त! म्हणजे ही मंडळी वजन वाढवायला निघालेली, आणि नियमानं त्यांना आठावर थांबवलं आहे. कारण पन्नास मीटरवरचं ते दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. तिथं बंदुकीनं छातीचा ठोका ऐकून चालत नाही. ज्याला मारायचं असतं तो वजन टाकतो, ज्याला नुसतं अचूक असायचं असतं तो वजन घेतो. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आठ किलो म्हनजे आपल्या पाच पायल्या.” पायलीचा हिशेब त्यानं कसा लावला ते मी विचारलं नाही. दिशा बरोबर होती.

या जिल्ह्यात बसून बंदुकीच्या हलकेपणावर बोलताना एक गोष्ट डावलून पुढे जाता येत नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. नळीतून गोळीला रेटणारी दारू, तोफांची प्रणोदकं, स्फोटकं, असं तिथं बनतं. आमच्या ओळखीपाळखीतल्या कितीतरी घरांत निर्माणीचा डबा सकाळी भरला जातो. 24 जानेवारी 2025 रोजी तिथं स्फोट झाला, इमारतीचं छत कोसळलं, आणि सकाळी डबा घेऊन गेलेली काही माणसं परत आली नाहीत. काडतुसातली दारू ग्रॅममध्ये मोजतात, तीन ग्रॅम, चार ग्रॅम. त्या तीन-चार ग्रॅमच्या मागे कोणीतरी हातानं केलेलं काम असतं, आणि त्या कामाचं वजन कोणत्याही जाहिरातीच्या तक्त्यात दाखवत नाहीत. त्या दिवसांत पुतण्यानं व्हिडिओ पाहिले नाहीत. मीही त्याला त्याबद्दल काही विचारलं नाही.

तर वजन जातं कुठे, याचं माझ्यापुरतं उत्तर असं, की ते जात नाही. हातातून काढलं तर खांद्यावर, खांद्यावरून काढलं तर कानात, कानातून काढलं तर खिशावर, आणि पायांचे कष्ट वाचवले तर जखमी जनावराच्या पोटात. फक्त ज्याच्याकडे ते गेलं त्याला विचारलेलं नसतं.

आमच्या धानाच्या शेतातही हाच हिशेब चालतो. वाघ वाचला पाहिजे, हरिण वाचलं पाहिजे, जंगल वाचलं पाहिजे, यावर देशभर एकमत आहे आणि माझंही आहे. पण वाचलेल्या जनावराची रोजची खुराक कोणत्या तरी बांधीतून निघते. शहराच्या अंगावरून जे ओझं इतकं अलगद उतरलं, ते इकडे मचाणावर येऊन बसलं आहे. त्यावर लोकांनी हलके उपाय काढले. घराघरातल्या जुन्या साड्या धुऱ्यावर बांधल्या. डुकरांना म्हणे रंगाची आणि फडफडीची भीती वाटते. त्यामुळे चौरासभर हंगामात वऱ्हाड उतरल्यासारखं दिसतं. साडीएवढं हलकं हत्यार जगात नाही, पण चार दिवसांत डुकरांनाही कळतं की आत कोणी नाही. कोणी कुत्र्याच्या भुंकण्याची फीत लावतात; ती ऐकून गावची कुत्री रात्रभर उत्तरं देतात आणि डुकरं मध्यस्थासारखी ऐकत चरतात. सौर कुंपणाला सरकार अनुदान देतं, ते बरं चालतं. काही जण मात्र विजेची उघडी तार सोडतात. ती सगळ्यात हलकी, आणि तिच्यात डुकरापासून वाघापर्यंत आणि शेजाऱ्यापासून स्वतःच्या पोरापर्यंत कोणीही अडकतं. त्या तारेला हात लावायचा नाही, एवढी एक गोष्ट आमच्या घरात विनोदाशिवाय बोलली जाते.

उरली भरपाई. नुकसान झालं की अर्ज करायचा. मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा करायचा. तिघंही भले लोक, पण तिघांना एका धुऱ्यावर एका वेळी उभं करणं हे दरीपलीकडच्या मेंढराला नेम धरण्याइतकंच अवघड. वाऱ्याचा हिशेब इथंही करावा लागतो. तोवर डुक्कर पुन्हा येऊन पुराव्यात भर घालून जातं.

म्हणून परवा मी पुतण्याला म्हटलं, इतकी वर्षं तू मला त्या रायफलींचे तक्ते वाचून दाखवतोस, आता मी सांगतो तसा एक तक्ता लिही. त्यानं मोबाइल सरसावला.

वस्तू, पंचनामा. वजन, एका कागदाएवढं. दुसरा कागद जोडल्यास वस्तू सदोष समजावी. पल्ला, बांधीपासून पवनीच्या कार्यालयापर्यंत आणि तिथून परत शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत. वेग, धान कापून व्हायच्या आत. अचूकता, पाच गुंठे गेले तर पाच गुंठेच लागले पाहिजेत. कडी एकदाच ओढावी लागावी. आवाज झाला तरी चालेल. धक्का अर्जदाराच्या खांद्यावर येऊ नये.

“अन् किंमत?” पुतण्यानं विचारलं.

“किंमत लिहू नको. ती शेतानं आधीच भरली आहे.”

त्यानं सगळं नीट टिपून घेतलं, एकदा वाचून पाहिलं, आणि डोकं खाजवत म्हणाला, “याले लायसन लागन का जी?”

मी काही बोलायच्या आत चुलीपाशून त्याच्या काकूचा आवाज आला, “लायसन नाई लागत. पन इलेक्शन आलं का जमा कराव लागते.”